फ्रीझरवर ठेवलेला डबा

आमच्या घरी स्मोक डिटेक्टरच्या बॅटऱ्या उन्हाळा-हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढेमागे करायच्या दिवशी बदलतात. ग्रोसरीची यादी दुकानातल्या रांगांच्या क्रमाने लिहिलेली असते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोण किती पोळ्या आणणार हे मी ठरवते आणि पोळ्या तेवढ्याच येतात. हे सांगायचं कारण एवढंच, की या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आले. विहिरीजवळची बाई, बंद खोलीतली पावलं... वाचायचं, हसायचं, कप विसळायचा.

आता माझाच अनुभव लिहायला बसले आहे. ज्याच्या घरातली ही गोष्ट आहे त्या शेखरला आधी विचारलं. तो म्हणाला, "लिही. पण मसाला घालू नकोस." त्यामुळे घडलं तसं लिहिते.

आम्ही शॉमबर्गला राहतो, शिकागोच्या जवळ. आमच्या कल-डी-सॅकमध्ये, म्हणजे पुढे बंद असलेल्या गल्लीत, तिसऱ्या घरात शेखर आणि वसुधा. दोघंही पुण्याचे, आमच्यासारखेच. त्यांचा एकुलता एक मुलगा केदार इथेच जन्मला. ते दोघं नोकरीवरून उशिरा यायचे, म्हणून शाळेच्या बसमधून उतरला की केदार आमच्याकडे यायचा. आमच्या गॅरेजच्या दाराला बाहेरून कीपॅड आहे. तो दुसरीत असताना मी त्याला त्याचा कोड शिकवला. दार घरघरत वर गेलं की समजायचं, साहेब आले. गॅरेजमधल्या फ्रीझरवर दप्तर आपटायचं आणि तिथूनच ओरडायचं, "अंजलीकाकू, आय ॲम स्टार्विंग."

आम्हा दोन घरांत डब्यांची ये-जा सतत. आणि रिकामा डबा परत करायचा नाही, ही रीत तुम्हाला मी सांगायला नको. डबे पोचवायचं काम केदारकडे. तो ते फ्रीझरवर ठेवून जायचा, आणि आईने भरायला काही दिलं नसेल तर स्वतःच काहीतरी घालायचा. एकदा हॅलोविनची दोन चॉकलेटं. एकदा लाल झालेलं मेपलचं पान. एकदा रंगीत खडू, तेही मोडके. शेवटी वसुधाने त्याला सांगितलं, "अरे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालावी." त्यानंतर बरेचदा माझ्या डब्यात साखर यायची आणि फ्रीझरवर मुंग्या.

२००१ साली तो हायस्कूलमध्ये होता. त्या सप्टेंबरनंतर गॅस स्टेशनवर कोणीतरी शेखरला म्हणालं, गो होम. केदार गाडीत बसला होता. त्याने सगळं ऐकलं, घरी काही बोलला नाही. २००४ मध्ये युनिव्हर्सिटीचं दुसरं वर्ष सोडून तो आर्मीत गेला.

शेखर इंजिनीअर. आवाज चढवणारा माणूस नाही, पण त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात मी होते. तो म्हणाला, "तुला कोणी सांगितलं हे युद्ध तुझं आहे म्हणून?"

केदार म्हणाला, "बाबा, तुम्ही इथे आलात. मी इथेच होतो."

"मग जा. पण हे सगळं संपवून परत येशील तेव्हाच माझ्याशी बोल."

शेखर शब्दाचा पक्का. दुर्दैवाने. इराकहून केदारचा फोन आला की वसुधा बेडरूममध्ये जाऊन बोलायची आणि शेखर लॉन कापायला बाहेर पडायचा. कापून कापून त्या हिरवळीचा पार गालिचा झाला. सुहास, म्हणजे माझा नवरा, एकदा त्याला म्हणालासुद्धा, "यार, गवताला तरी वाढू दे."

केदार तिकडे ट्रक चालवायचा. एका तळावरून दुसऱ्या तळावर पाणी, इंधन, औषधं. काम कंटाळवाणं आणि जिवावरचं, एकाच वेळी. फोनवर मला मात्र तो चहाच्या गोष्टी सांगायचा. त्यांच्या बराकीत त्याने एका छोट्या स्टोव्हवर चहा सुरू केला होता. शेखर रविवारी करतो तसा, आलं आणि गवती चहा घालून, दोन चमचे साखरेचा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नाकं मुरडली. महिन्याभरात सार्जंटसुद्धा रांगेत.

मंडळाच्या बायका आळीपाळीने त्याला पार्सल पाठवायच्या. पॅकिंग माझ्या गॅरेजमध्ये आणि नियम माझे. काच नको, स्टील नको, वजन मोजून, मोकळ्या जागेत कुरमुऱ्याच्या पिशव्या, म्हणजे धक्के बसत नाहीत आणि त्याही खाता येतात. आणि तो नियम मीच मोडला. पोस्ट बंद व्हायची वेळ आलेली, शंकरपाळ्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण तडकलं, आणि हाताला लागला तो स्टीलचा डबा मी खोक्यात घातला. घरी येऊन पाहिलं तर सेटमधला तो एकच डबा गेलेला. आईने लग्नात दिलेला. बाजूला नाव घातलेलं – सौ. अंजली हिस आईकडून.

केदारचा फोन आला तेव्हा तो हसत होता. "काकू, तुम्ही मला तुमचा मॅरेजवाला डबा पाठवला."

"माहीत आहे. परत आण."

"आणतो. मी स्वतः आणणार. अँड आय नो, आय नो. नॉट एम्प्टी."

२००६ च्या उन्हाळ्यात तो गेला. रस्त्यात पेरलेल्या बॉम्बने ट्रक उडाला. बावीस वर्षांचा होता.

युनिफॉर्ममधली दोन माणसं दाराशी आली तेव्हा दार शेखरने उघडलं. त्यांना पाहताच त्याला सगळं कळलं असणार. तरी तो म्हणाला, "कम इन, सिट," आणि आत वळून वसुधाला सांगितलं, "चहा टाक." तिने खरंच आधण ठेवलं. मी धावत पोचले तेव्हा पाणी आटून भांडं करपलं होतं आणि ती माणसं टोप्या मांडीवर घेऊन तशीच बसली होती.

अंत्यसंस्कारात घडी घातलेला झेंडा वसुधाच्या हातात दिला. नंतर भटजींनी आपले विधी केले. तेरावं झालं की गोडाचं जेवण करून पुन्हा रोजच्या व्यवहाराला लागायची पद्धत. मी श्रीखंड नेलं होतं. शेखरने वाटी बाजूला सरकवली.

वसुधा हळूच म्हणाली, "एक बोट तरी चाट. रीत आहे."

"नको."

"शेखर, शुगर असली तरी एवढ्याने काही होत नाही," मी म्हटलं. गेलं वर्षभर तो चहा बिनसाखरेचा घ्यायचा. आम्हाला वाटायचं डॉक्टरांनी सांगितलं असेल.

"मला शुगर नाहीये," शेखर म्हणाला. "तो तिकडे गेला त्या दिवशी साखर सोडली. तो घरी परत आला की सुरू करायची, असं ठरवलं होतं." मग वसुधाकडे न बघता म्हणाला, "आता कशी सुरू करू, सांग."

ज्या माणसाने मुलाशी एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं होतं, त्याने ही असली गोष्ट मनातल्या मनात चालवली होती. वसुधालाही पत्ता नव्हता.

त्यानंतर तो खचतच गेला. कडू चहा आणि टोस्ट, बाकी जेवण नावालाच. ऑफिसला जाणं सुटलं. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहायचा, बसला की लगेच उठायचा. वसुधा मला म्हणाली, "एक गेला. हा दुसराही माझ्या डोळ्यांदेखत चाललाय आणि मी बघत बसलेय." मी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. तो गेला नाही. दुसरी घेतली. तीही कॅन्सल करावी लागली.

याच दिवसांत आमचं गॅरेज उघडायला लागलं.

पहिल्यांदा मी कणीक मळत होते. दुपारची वेळ, शाळेच्या बसची. दार घरघरत वर गेलं. मला वाटलं सुहास लवकर आला. जाऊन पाहिलं तर दार सताड उघडं, ड्राइव्हवेवर कोणी नाही. बटण दाबून बंद केलं. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसंच. मग पुन्हा. नेहमी त्याच सुमाराला, नेहमी मी घरी असताना.

सुहास म्हणाला, "फ्रिक्वेन्सी. शेजाऱ्यांचा रिमोट." मलाही ते पटलं. टेक्निशियन बोलावला, त्यानेही तेच सांगितलं. जुनी मोटर काढून नवी बसवली, कीपॅड नवा, कोड नवा. तो आम्हा दोघांखेरीज कोणाला सांगितला नाही. त्याच आठवड्यात दार उघडलं.

मला भीती वाटत नव्हती. चैन पडत नव्हतं, एवढंच. दुपार झाली की हातातलं काम सुटायचं. काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटायचं, ते काय ते आठवायचं नाही, आणि ज्या बाईचं काही राहत नाही तिला हे सहन होत नाही. फोडणी जळायची. सुहास चेष्टा करायचा, "आपलं गॅरेज तुझी वाट बघतं बघ. मी आलो तर साधं हलतही नाही." एक दिवस तो घरी होता आणि त्याच्यासमोर दार उघडलं. त्याने चेष्टा बंद केली. मोटरचा प्लग काढला, दाराला आतून असलेली लोखंडी कडी सरकवली आणि म्हणाला, "आता बघू." गाड्या ड्राइव्हवेवर ठेवायला लागलो. गॅरेजचं दुसरं दार आमच्या स्वयंपाकघरात उघडतं. तिसरं दार नाही, खिडकी नाही.

काही दिवस शांत गेले. मग एका दुपारी मटार काढायला मी गॅरेजमध्ये गेले. कडी लावलेली. प्लग काढलेला.

फ्रीझरवर माझा डबा होता.

सौ. अंजली हिस आईकडून. हात लावला तर गार नव्हता, उन्हात ठेवल्यासारखा कोमट होता. झाकणाच्या कडेला पिठासारखी बारीक, पिवळट धूळ. हलवला तर आत सळसळलं. उघडला. साखरेच्या पुड्या. कँटीनमध्ये मिळतात तशा कागदाच्या, गच्च भरलेल्या.

मी आधी घर तपासलं. सगळी दारं बंद. घराची जादा किल्ली वसुधाकडे असते, तिला फोन करून विचारलं. ती म्हणाली, किल्ली खुंटीवरच आहे, का गं? आर्मीने केदारचं सामान आधीच पाठवलं होतं. ते खोकं उघडताना मी तिथेच होते. घड्याळ, बूट, पुस्तकं, फोटो. डबा नव्हता. माझी नजर तोच शोधत होती, म्हणून पक्कं आठवतं.

सुहास डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "त्यांना दाखवू नकोस."

"का?"

"कारण साखरेचं तुला माहीत आहे. शेखरला काय वाटेल, विचार कर."

मी विचार केला. पण डबा केदारने आणायचा कबूल केला होता, आणि त्यांच्या मुलाच्या हातातली वस्तू मी कपाटात लपवून ठेवू शकत नव्हते. घेऊन गेले. टेबलावर ठेवला, कुठे सापडला ते सांगितलं.

वसुधाने डब्यावर नुसता हात ठेवला. शेखरने झाकण उघडलं, पुड्या पाहिल्या, डबा उलटसुलट करून बघितला. बुडाला एक इंग्रजी एम खरवडलेला होता. आमच्यापैकी कोणाच्याच नावात तो नाही. मग त्याने झाकण लावलं.

"तू फार ऑर्गनाइज्ड आहेस, अंजली," तो म्हणाला. "माणूस जेवत नाही, काय करावं, हा उपाय. पण हे तुला शोभत नाही."

"शेखर, मी ठेवला नाही."

"मग सेटमधला दुसरा डबा असेल. नाव काय, कोणीही घालून देतं."

"मी इथे स्टीलच्या डब्यावर नाव घालून देणारा माणूस कुठून आणू?"

"ते तुलाच माहीत. तू सगळं आणतेस."

वसुधा म्हणाली, "शेखर, पुरे." तो उठून बाहेर गेला. मीही घरी आले. एवढी वर्षं त्या घरात माझी ये-जा, आणि आता त्यांच्यासाठी मी असली नाटकं करणारी बाई झाले होते. वसुधाने डबा ठेवून घेतला. ती मला काही बोलली नाही, पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता का, हे मी आजही तिला विचारलेलं नाही. गॅरेज त्या दिवसानंतर एकदाही आपणहून उघडलं नाही. माझी तगमग मात्र तशीच राहिली. एवढंच, की आता ती शेखरच्या नावाची होती.

पानगळ सुरू झाली तेव्हा मोरालेस आला. केदारचा तिकडचा दोस्त, त्याच ताफ्यातला, पुढच्या ट्रकमध्ये होता म्हणून वाचला. पायाला लागलं होतं. इतके दिवस टेक्सासमध्ये आर्मीच्या हॉस्पिटलमध्ये होता, आता कुबडी घेऊन केदारच्या आई-वडिलांना भेटायला आला होता. वसुधाने मला मुद्दाम बोलावलं. म्हणाली, "मला इंग्रजीत रडता येत नाही. तू ये."

केदारपेक्षाही लहान दिसणारा मुलगा. पाठ ताठ, प्रत्येक वाक्यामागे सर आणि मॅम. शेखरने स्वतः चहा केला. मोरालेसने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"सॉरी, सर. हा त्याचाच चहा आहे."

"माझा आहे," शेखर म्हणाला. "त्याने माझ्याकडून घेतला."

"येस, सर. तो सांगायचा. फक्त त्याचा गोड असायचा."

मोरालेस मग आपणहून बोलत गेला. केदार गाडी चालवताना गाणी म्हणायचा, भसाड्या आवाजात. घाबरलेल्या नव्या पोरांना शेजारी बसवून न्यायचा. आणि चहाचं सामान म्हणजे त्याची तिजोरी. "त्याच्याकडे एक स्टीलचा डबा होता, सर. आंटीचा. कँटीनमधून साखरेच्या पुड्या उचलून त्यात भरायचा. आम्ही म्हणायचो, चोर आहेस तू. तो म्हणायचा, घरी नेताना हा रिकामा नेता येत नाही, आमच्यात तसा रूल आहे."

मी वसुधाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

शेखरने अगदी सावकाश विचारलं, "तो डबा आता कुठे आहे?"

"त्याच्या सीटमागे असायचा, सर. त्या दिवशीही होता. त्या ट्रकमधून काहीच परत आलं नाही."

वसुधा उठली. कपाटातून डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

मोरालेसचा हात अर्धवट पुढे आला आणि थबकला. मग त्याने डबा उचलला, आधी नाव पाहिलं, आणि कोणी काही सांगायच्या आत पालथा केला. त्या एमवर अंगठा ठेवला.

"हा मी कोरलाय," तो म्हणाला. "पत्त्यात मी जिंकलो होतो. त्याने डबा द्यायला नकार दिला, म्हणून निदान बुडावर माझं नाव, असं ठरलं." त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅम, हा तुम्हाला कोणी दिला?"

 

शेखरने त्याच्या हातून डबा घेतला. झाकण काढलं. एक पुडी फाडून कपात ओतली. मग दुसरी. चमचा शोधायलाही गेला नाही, फाडलेल्या कागदानेच ढवळलं. प्यायला. पूर्ण कप, न थांबता.

"आला," तो मराठीत म्हणाला. आणि मग, मुलाला पहिल्यांदाच उद्देशून बोलल्यासारखं, "आलास ना रे."

मोरालेसला शब्द कळले नाहीत. पण मान खाली घालून सगळ्यात आधी तोच रडला. जाताना शेखरने त्याला दारापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन मला म्हणाला, "अंजली, माझं चुकलं." मी म्हटलं, "उद्या साडेदहाला डॉक्टर आहेत. तयार राहा." तो तयार राहिला.

याला आता दोन वर्षं होतील. शेखर ऑफिसला जातो, रविवारी चहा करतो, दोन चमचे साखरेचा. हायस्कूलच्या मुलांना तो शनिवारी गणित शिकवतो, त्यांच्यातल्या एकाला आर्मीत जायचंय, आणि शेखर त्याच्याशी वाद घालतो पण बोलणं बंद करत नाही.

मी सगळ्या शक्यता लिहून काढल्या होत्या. आर्मीने पाठवला? मी विचारलं, त्यांच्याकडे नोंद नाही. कोणी मित्राने आणून ठेवला? कुठून, बंद दारातून? सेटमधला दुसरा? बाकीचे माझ्या फळीवर आहेत, आणि एम कुठून येणार? सुहास अजूनही अधूनमधून काहीतरी शोधून काढतो आणि मध्येच गप्प होतो. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर ऐकायला आवडेल, पण कृपा करून फ्रिक्वेन्सी म्हणू नका.

डबा वसुधाने मागच्या दिवाळीत परत केला. बेसनाचे लाडू भरून. तळाशी साखरेची एक पुडी ठेवली होती, ती मी काढलेली नाही.

गॅरेजचा प्लग पुन्हा लावला. आणि कीपॅडवरचा कोड बदलून परत जुना केला – केदारला येत होता तो.

का केला, ते मला विचारू नका.